चौकडीवरचा पाय

माझी बाही मागून ओढली गेली तेव्हा डावा पाय काळ्या चौकोनावर होता आणि उजवा पांढऱ्यावर. ओढ जोराची नव्हती. ओल्या रंगाच्या दाराला पाहुणा टेकू नये म्हणून त्याला बाजूला करावं, तेवढीच. पण भिंतीकडेच्या खुर्च्यांवरून तीसेक माणसांचा श्वास एकदम आत गेला आणि तो मला स्पष्ट ऐकू आला, कोरं रेशीम फाडताना येतो तसा आवाज. मी खाली बघितलं. बैरूतच्या त्या फ्रीमेसन लॉजात, म्हणजे त्या बंधुमंडळाच्या बैठकीच्या खोलीत, बाकी सगळी जमीन साध्या करड्या फरशीची. फक्त मधोमध, मेणबत्त्यांच्या तीन खांबांच्या आत, संगमरवराची लहानशी चौकडी बसवलेली. सहा काळे, सहा पांढरे, भोवती दातेरी कड. मी दारातून आलो आणि अध्यक्षांसमोर उभं राहून खूण करायला सरळ निघालो, जसा पॅलेस्टाइनमध्ये, हायफाच्या लॉजात अकरा वर्षं निघत होतो. "यावर पाय देत नाहीत," बाही धरणारा कानाशी म्हणाला. "मग घातलीय कशाला?" मी म्हणालो. हळूच म्हणालो होतो. पण त्या खोलीचं छत उंच आहे आणि उंच छताखाली हळू असं काही राहत नाही.

मला बाहेर आणून बसवलं. बाहेर म्हणजे दारापलीकडच्या बोळकांडीत, जिथं राखणदार वर्तान मांडीवर तलवार घेऊन बसतो. तो आर्मेनियन मोची आहे. त्याच्या रापीला त्या तलवारीपेक्षा जास्त धार असेल. "काय केलंस रे बाबा?" तो म्हणाला, "आत मढं पडल्यासारखं सगळं गप्प झालं." चाललो, मी म्हणालो. "कशावरून?" फरशीवरून. त्यानं थोडा विचार केला. "मधल्या? तू काय बुद्धिबळातला घोडा आहेस?" मग त्याला माझी कीव आली असावी. "मनाला लावून घेऊ नको. पहिल्या दिवशी माझंही असंच... नाही. खोटं कशाला बोलू. असं आजवर कुणाचंच झालेलं नाही." तेवढ्यात शुक्री बे बाहेर आले. ते या लॉजचे अध्यक्ष आणि रेशमाचे व्यापारी. त्यांचं रेशीम माझ्या पिंपात रंगतं. एकदा हात मिळवताना माझ्या पकडीवरून त्यांनी मला मेसन म्हणून ओळखलं होतं, आणि आमच्यात येऊन बसा की, असं तेच म्हणाले होते. आता त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "अबू जिर्यिस," मला मुलाच्या नावानं हाक मारून ते म्हणाले, "आमचा चिटणीस रामिझ म्हणतो, आधी खात्री करून घेऊ. वकील आहे, त्याला खात्रीचा आजारच आहे. पुढच्या गुरुवारी या, तिघं जण चार प्रश्न विचारतील. आणि तुमच्या या एप्रनची किनार... ही हिरवी कशी?" लॉजात प्रत्येक मेसन कमरेला एप्रन बांधतो; आमच्या हायफाच्या लॉजचा रंग हिरवा, मी म्हणालो. "निळा असतो. सगळीकडे निळाच असतो." स्कॉटलंडच्या सनदेवर चालणाऱ्या लॉजांत ज्याचा त्याचा रंग असतो, आम्ही हिरवा घेतला. त्यांनी किनारीवरून बोट फिरवलं, व्यापाऱ्याचं बोट. "रंग सुंदर बसलाय हो. कुणी रंगवला?" मी. "हं," शुक्री बे म्हणाले, "तेच तर रामिझ म्हणतोय."

ट्राममधून घरी येताना माझे पाय मला परके वाटत होते. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि मी माझ्या बुटांकडे असं बघत होतो जसं काही त्यांनीच मला न विचारता कुठं तरी नेलं. एक गोष्ट मला कळत होती आणि ती गिळवत नव्हती. माझ्याकडे दाखला नाही. माझ्या लॉजचं दार ज्या गल्लीत उघडत होतं तिथं आता दुसरी माणसं राहतात. मी मेसन आहे याला पुरावा म्हणजे दोनच गोष्टी: हा एप्रन, आणि मी लॉजात चालतो कसा. एप्रन मी स्वतः रंगवलेला, म्हणून खोटा. आणि चाल चुकीची, म्हणून मीही खोटा. बेताल माणसावर संशय घेतला तर समजू शकतो. माझ्यावर संशय आला तो मी तालात होतो म्हणून.

अफीफा, म्हणजे माझी बायको, दारात बसून शेंगा सोलत होती. सगळं ऐकल्यावर तिनं विचारलं, "फरशीवर पाय दिला म्हणून? मग मी रोज तुमच्या पायांचे निळे ठसे पुसते त्याचं काय? मला अध्यक्ष करा." मी बूट काढायला लागलो. "चुकलं म्हणून टाका. काय लागतं म्हणायला? मी तर लग्नापासून म्हणतेय." चुकलं नाही, मी म्हणालो. "चुकलं नसलं तरी म्हणतात. दुसऱ्याच्या गावात राहणाऱ्यांनी तर म्हणावंच." तिनं टोपली बाजूला ठेवली. "बरं अबू जिर्यिस, एक सांगा. तुम्हाला त्यांच्याकडून हवंय काय? ते काही आपल्याला कागद देणार नाहीत. घर देणार नाहीत. नुसते मेणबत्त्या लावून बसतात." मला उत्तर येत होतं, पण ते तिच्यासमोर मोठ्यानं म्हणायला लाज वाटली. माझं नाव या शहरात तीन वह्यांत आहे. धान्य वाटणाऱ्यांच्या, पोलिसांच्या आणि चर्चमध्ये ब्लँकेटं देतात त्यांच्या. तिन्हींत नावापुढे एकच शब्द आहे, निर्वासित. मला एक वही हवी होती जिच्यात मी कुठून आलो ते लिहिलेलं असेल. कुठून पळालो ते नको. बस. एवढ्यासाठी मी दाढी करून, बुटांना पॉलिश करून त्या बारा चौकोनांवर गेलो होतो.

तो आठवडा मी काळा रंगवत होतो. काळ्याबद्दल लॉजात बसणाऱ्या लोकांना काही माहीत नसतं. ते म्हणतात काळा म्हणजे अंधार, पाप, अज्ञान, आणि पांढरा म्हणजे त्याच्या उलट, आणि पाप आणि पुण्य शेजारी शेजारी ठेवले की झालं जग. हे असं फक्त तोच म्हणू शकतो ज्यानं दोन्हीतलं काही स्वतःच्या हातानं केलेलं नाही. चांगला काळा पहिल्या झटक्यात येत नाही. आधी रेशीम निळीत बुडवावं लागतं, दोनदा, तीनदा. मग त्या निळ्यावर मायफळं आणि लोखंडाचं पाणी चढवायचं. निळा खाली नसेल तर काळा वर्षभरात मातकट होतो. म्हणजे प्रत्येक चांगल्या काळ्याच्या पोटात निळा असतो, तोच निळा जो रामिझच्या गळ्यातल्या चिटणीसपदाच्या पट्ट्यावर मिरवतो. आणि पांढरा? रेशीम किड्याकडून येतं ते पिवळट, चिकट, कडक. त्याला साबणात तासन्‌तास उकळतात. डिंक सुटतो. वजन चौथ्या हिश्शानं कमी होतं. मग गंधकाच्या धुरात कोंडतात. एवढं सोसल्यावर ते पांढरं होतं, आणि मग कोणी तरी लॉजातले पांढरे हातमोजे घालून सांगतो की पांढरा म्हणजे निरागसपणा. मला विचारा. पांढरा म्हणजे ज्याच्यातला चौथा हिस्सा उकळून काढला तो. मी पिंपात काठी फिरवत होतो आणि वाफ डोळ्यांत जात होती, आणि मला वाटत होतं, शुक्री बे बोट फिरवतात तो रंग माझा आहे, पण त्या रंगाचा अर्थ सांगायचा हक्क त्यांचा. हे कधी ठरलं? कुठल्या बैठकीत?

हिरवा कसा ठरला ते मला माहीत आहे, कारण त्या बैठकीला मी दाराशी उभा होतो. मेसन नव्हतो तेव्हा, सव्वीस वर्षांचा होतो, रिबिनीचे नमुने दाखवायला गेलो होतो. हायफाचं लॉज म्हणजे धान्याच्या वखारीवरचा भाड्याचा दिवाणखाना. जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत काळ्यापांढऱ्या फरशीची, आणि ती काही कोणी अर्थ पाहून बसवलेली नव्हती. मालकाला तसली आवडायची. फरशी अशी आहे म्हणून जागा घेतली, भाडं जास्त असून. आत रेल्वेच्या कारखान्यातले तौफीक अफंदी अध्यक्ष, पोलिसातला इंग्रज सार्जंट हॅमंड, व्हिएन्नाहून आलेला ज्यू घड्याळजी ग्रोसमान, बोटीवर काम करणारे दोघे, एक पाद्री. रंगावरून भांडण चाललं होतं. हॅमंडला गडद निळा हवा होता, त्याच्या बापाच्या लॉजचा. पाद्री म्हणाला जांभळा. तौफीक अफंदींनी मला विचारलं, "अरे रंगाऱ्या, तुझ्याकडे असा कुठला रंग आहे जो एकट्याचा नाही?" मी म्हणालो, हिरवा. निळीत बुडवून मग डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्यात बुडवावा लागतो, एका पिंपातून निघत नाही. ते हसले. "मग तोच घ्या, आणि या पोरालाही घ्या." एका वर्षानं मला घेतलं. त्या फरशीवर आम्ही सगळे चालायचो. कडेनं जाऊ म्हटलं तरी कड नव्हतीच, सगळीच चौकडी. कोपऱ्यात आलं की काटकोनात वळायचं, पाय जुळवायचा, पुढं. हॅमंडनं मला पहिल्यांदा दंडाला धरून चालवलं. "खाली बघू नको," तो त्याच्या मोडक्या अरबीत म्हणायचा, "कुठला पाय कुठल्या रंगावर पडतो ते आपण ठरवत नाही. सरळ जा, एवढंच आपलं." मला ते पटलं होतं. अजून पटतं, आणि म्हणूनच चीड येते.

कारण अठ्ठेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये हायफा पडलं त्या सकाळी बंदराच्या फाटकावर हॅमंडच उभा होता. मागं गोळीबार, पुढं माणसांची भिंत, अफीफाच्या हातात आमचा मुलगा जिर्यिस, माझ्या पाठीवर गादी. आदल्या दिवशी ग्रोसमान आमच्याकडे आला होता. "थांब," म्हणाला, "आठ दिवसांत निवळेल. लॉजची पेटी माझ्याकडे आहे, सगळ्यांचे दाखले आहेत, काही होणार नाही." तो खरं बोलत होता की त्याला तसं वाटत होतं, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. मी थांबलो नाही. फाटकाशी गर्दीत माझे हात मोकळे नव्हते, तरी मी गादी टाकली आणि मेसनांची संकटातली ती खूण केली, जी आयुष्यात एकदा करायची असते. हॅमंडनं बघितलं. त्यानं बंदूक खांद्याला अडकवली, दोन माणसं बाजूला सारली आणि आम्हाला आत घेतलं. माझ्या मागची बाई तिच्या म्हाताऱ्यासकट बाहेरच राहिली. होडीत बसेपर्यंत मला वाटत होतं लॉजातल्या बंधूनं मला वाचवलं. होडी हलली तेव्हा कळलं की त्यानं मला जायला मदत केली होती. राहायला मदत लागत होती. बैरूतमध्येही इंग्रजांच्या पद्धतीची लॉजं आहेत, तिथं फरशीवरून चालतात. मी त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. आतून हॅमंडच्या तंबाखूचा वास येईल अशी भीती वाटली. म्हणून शुक्री बे. म्हणून अरबीत बोलणारे, अरबीत प्रार्थना करणारे हे. आणि यांनी माझी बाही ओढली.

गुरुवारी सहाला मी गेलो. एप्रन कागदात गुंडाळून नेला होता. अफीफानं जाताना कॉलर नीट केली आणि म्हणाली, "भांडू नका," आणि मग जिन्यावरून ओरडून, "आणि भांडलात तर हरू नका, उगाच इस्त्री वाया." बाजूच्या खोलीत तिघं बसले होते. रामिझ, एक औषधवाले नसीब आणि एक फार म्हातारे, निवृत्त शिक्षक, ज्यांचं नाव मला कोणी सांगितलं नाही. प्रश्न झाले. परवलीचे शब्द विचारले, दिले. खुणा विचारल्या, केल्या. पायऱ्या किती, दिवे किती, कुठल्या दिशेनं आलास, काय शोधायला आलास. नसीब प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. रामिझ नखं बघत होता. "शब्द बाजारात मिळतात," शेवटी तो म्हणाला, "पुस्तकं छापलीत लोकांनी. उस्ताद, मी तुमचा अपमान करत नाही. पण तुमच्याकडे कागद नाही, एप्रन तुम्ही घरी रंगवलेला, आणि जी चौकडी खरा मेसन झोपेतही तुडवणार नाही ती तुम्ही तुडवलीत. माझ्या जागी तुम्ही असतात तर?" तुमच्या जागी मी कधी नसतो, मी म्हणालो. नसीबना हे आवडलं नाही, पण ते मवाळ माणूस. "अहो सोडा," ते म्हणाले, "नव्या जागी माणूस गोंधळतो. गोंधळले, पाय पडला. चूक झाली म्हणा, आम्ही वहीत लिहितो, आजच आत येऊन बसा. काय रामिझ?" रामिझनं खांदे उडवले. "चूक म्हणाले तर माझी हरकत नाही."

इतकं सोपं होतं ते. दार उघडंच होतं, नुसतं वाकून जायचं. मला हवी ती वही त्या दारामागं होती. आणि मला एकदम दिसलं की मी वाकलो तर काय होईल. मी आत जाईन आणि हायफाचं लॉज बाहेर राहील. माझी चूक म्हणजे तौफीक अफंदींची चूक, आणि त्या पाद्र्याची, ग्रोसमानची, आणि हो, हॅमंडचीही. अकरा वर्षं एका वखारीवर काही माणसं एकत्र चुकीचं चालत होती, एवढंच उरेल. ते गाव गेलं, घर गेलं, पेटी गेली. आता मी माझ्या तोंडानं म्हणायचं की तिथं जे होतं तेही नव्हतंच. हे काम कुठल्याही सैन्याला जमलं नव्हतं. ते मी इस्त्रीच्या सदऱ्यात बसून करून द्यायचं.

"चूक झाली नाही," मी म्हणालो. "तुमच्या घरात मी तुमच्या रीतीनं चालेन. सांगाल तिकडून फिरून जाईन, त्यात मला कमीपणा नाही. पण मी गोंधळलो असं म्हणणार नाही. वहीत लिहा, हा हायफाच्या लॉजातून आलाय आणि तिथं त्यावरून चालायची रीत होती. एवढी ओळ लिहा. नाही तर नका घेऊ." रामिझ हसला. "म्हणजे आत येणारा तुम्ही, आणि अटी तुमच्या?" हो. "आणि नाही लिहिलं तर?" तर शुक्री बेंचं रेशीम उद्या मी नेहमीसारखंच रंगवीन, पण परत या जिन्यावर येणार नाही, आणि तुम्ही एका बंधूला दारातून परत पाठवलंत की एका लबाडाला, हे तुम्हाला कधी कळणार नाही. ते तुमचं तुम्ही सांभाळा.

मग तो म्हातारा शिक्षक पहिल्यांदा बोलला. "तुमच्याकडे," त्यानं विचारलं, "काळ्यावर पाय पडला की मनात काय म्हणायचे?" मी आठवून बघितलं. काही नाही, मी म्हणालो, पुढचा टाकायचे. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मला वाटलं झोपला. "बत्तीस वर्षं मी त्या दगडांभोवती फिरतोय," तो म्हणाला, "गार आहेत का हो?" मी म्हणालो, बुटातून कळत नाही. तो उठला, शुक्री बेंना बोलवायला स्वतः गेला.

वही मोठ्या खोलीत, सगळ्यांसमोर आणली. मी दाराशी उभा. शुक्री बेंनी माझं म्हणणं एका वाक्यात सांगितलं, हात वर करायला सांगितले, आणि पुरेसे हात वर झाले. सगळे नाहीत. रामिझनं लिहिलं. मी म्हणालो, वाचू द्या. खोलीत कुजबुज झाली, कारण असं कोणी मागत नाही. मी शाळेत फार गेलो नाही, वाचायला मी रंगाच्या डब्यांवरून शिकलो, म्हणून मी प्रत्येक अक्षर वाचतो. त्यानं लिहिलं होतं, पाहुण्या बंधूच्या हातून घडलेल्या प्रमादाकडे लॉजनं उदारपणे दुर्लक्ष केलं. हे खोडा, मी म्हणालो. "वहीत खाडाखोड चालत नाही." मग खाली दुसरं लिहा, आणि वरचं चुकून लिहिलं असंही लिहा, चूक हा शब्द तुमच्या हाताशी आहेच. वर्तान दाराबाहेर खोकला. नंतर म्हणाला खोकला नव्हता. रामिझनं दुसरी ओळ लिहिली. मी वाचली. बरोबर होती, फक्त शेवटी त्यानं जोडलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी ती वही त्याच्याकडे परत सरकवली नाही, शुक्री बेंसमोर ठेवली आणि त्या तीन शब्दांवर बोट ठेवून उभा राहिलो. माझं बोट काळं होतं, आठवडाभराचं. शुक्री बेंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते धाडसी माणूस नाहीत. त्यांनी रामिझच्या हातातून लेखणी घेतली आणि ते तीन शब्द स्वतः खोडले, सावकाश, एकाच रेघेत, आणि बाजूला सही केली.

मग मी एप्रन बांधला आणि चालायला लागलो. मधली चौकडी माझ्या उजव्या हाताला ठेवून, त्यांच्या रीतीनं, भिंतीच्या बाजूनं. पण प्रत्येक कोपऱ्यात मी पूर्ण थांबलो, टाच जुळवली आणि काटकोनात वळलो. इथं तसं कोणी वळत नाही, सगळे गोल फिरून जातात, कोपरा खाऊन. पहिला कोपरा. दुसरा. खुर्च्यांवरची माणसं वाट बघत होती, कोणी तरी घसा साफ केला. मी घाई केली नाही. तिसऱ्या कोपऱ्यात चिटणिसाचं मेज आहे आणि रामिझची खुर्ची वाटेत थोडी पुढं आलेली होती. शेजारून निघता आलं असतं, वीतभर वाकडं होऊन. मी खुर्चीपाशी थांबलो आणि समोर बघत उभा राहिलो. मेणबत्तीचं मेण खाली टपकलं. रामिझनं वर बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि मग, उठून, खुर्ची मागं घेतली.